ओळ कोणाची, पान कोणते

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटते : 'संत बहिणाबाई चौधरी म्हणतात'. एवढ्याशा वाक्यात दोन कवयित्री एक होऊन गेलेल्या असतात. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. बहिणाबाई चौधरी मात्र आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या लेक, १८८० साली जन्मलेल्या, शेतात राबता राबता गाणी रचणाऱ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या माणसांनी ती गाणी उतरवून ठेवली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्या खटपटीने व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. तेव्हा १९५२ हे साल छपाईचे आहे, रचनेचे नव्हे. 'बहिणाबाईंनी १९५२ मध्ये लिहिले' असे म्हणणाऱ्याच्या एका वाक्यात दोन चुका होतात.

त्याहून मला बोचते ती दुसरी गोष्ट. आपल्या खानदेशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला आपण डोया म्हणतो, केळीला केयी. बहिणाबाईंच्या ओळीत असा शब्द आला की विद्यार्थी तो सद्भावनेने 'शुद्ध' करून टाकतो, आणि ज्या भाषेत ते गाणे जन्मले तीच अवतरणचिन्हांच्या आत पुसली जाते. अवतरणातले एक अक्षरही बदलू नये. शिवाय सगळ्या आवृत्त्यांत शब्द सारखेच छापलेले असतात असे नाही, म्हणून आपण कोणती आवृत्ती पाहिली हे लिहिणे आवश्यकच ठरते.

प्रस्तावनेतले वाक्य अत्र्यांचे असते, ते बहिणाबाईंच्या नावावर घालू नये. तेच वाक्य गाईडमध्ये वाचले असेल, तर अत्र्यांचे वाक्य अमुक गाईडमध्ये उद्धृत केलेले आहे, असे सरळ नोंदवावे, त्यात कमीपणा काहीच नाही. मूळ पुस्तक हातात न घेता त्याचा पृष्ठ क्रमांक देणे ही मात्र न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष झाली.

अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ पासून कितीतरी वेळा, निरनिराळ्या आकारांत छापले गेले आहे. तिथे नुसता पृष्ठ क्रमांक वाचकाला उपयोगी पडत नाही. पुस्तकाची मांडणी रात्रींची आहे. कितवी रात्र ते लिहिले, की कोणतीही प्रत घेऊन उतारा सापडतो.

आणि हे सारे शेवटच्या रात्री आठवून लिहिता येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुष्कळदा एकच प्रत असते, ती हातोहात फिरते आणि निबंध लिहायला बसावे तेव्हा दुसऱ्याच्या घरी असते. म्हणून पुस्तक हातात आहे तोवरच शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू उघडावी, लेखक, संपादक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष वहीत उतरवावे, आणि घेतलेल्या प्रत्येक ओळीपुढे तिथल्या तिथे पान लिहून ठेवावे.