मलेच काऊन झालं?

नमस्कार श्रोतेहो.

कापूस वेचणीचे दिवस होते. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी एका ताईंच्या दंडावरच्या फिकट चट्ट्याला कापसाची बारीक वात लावली. म्हटलं, "डोळे मिटा, लागलं तिथं बोट ठेवा." ताई तशाच बसून राहिल्या. दिवसभर बोंडं फोडणारे हात, आणि दंडाला कापूस कळत नव्हता.

कुष्ठरोग आहे, औषधानं बरा होतो, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "एकाच चुलीवरचं खातो जी आम्ही पाच जण. मंग मलेच काऊन झालं?"

शरीर रोगाशी कसं लढतं हे पाहणाऱ्या रोगप्रतिकारशास्त्राचा कुष्ठरोगावरचा अभ्यास या प्रश्नाभोवतीच फिरतो. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. पण बहुतेकांच्या अंगात हा जंतू शिरला तरी रोग होत नाही. कोणाच्या पेशी त्याला घेरतात, एखाद्या-दुसऱ्या चट्ट्यावर रोग थांबतो. कोणाचं शरीर त्याला ओळखूनही लढत नाही, आणि तो अंगभर पसरतो. जंतू तोच, शरीराचं उत्तर वेगळं.

कधी हे उत्तरच घात करतं. औषध चालू असताना अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस, म्हणजे मज्जातंतू, ठणकते. लोकांना वाटतं गोळ्या बाधल्या, म्हणून त्या बंद करतात. खरं तर आपलीच प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडलेली असते आणि तिच्या माऱ्यात नस सापडते. वेळेत दवाखाना गाठला नाही तर बोटं वाकडी होतात. ही वाकडी बोटं मी फार पाहिली आहेत, आणि त्यातली कितीतरी वाचली असती.

हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढत नाही. उंदराच्या तळपायात, आर्माडिलो नावाच्या कवचधारी प्राण्याच्या अंगात वाढतो, पण माणसाची नस का जाते हे शेवटी माणसातच पाहावं लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत डॉ. तलवार यांच्या चमूनं एका निरुपद्रवी भाऊबंद जंतूपासून लस तयार केली, तीही माणसांवर तपासूनच. चट्टा उठण्याआधी रक्तावरून धोका ओळखता यावा, यासाठीही धडपड चालू आहे.

त्यासाठी रोग्याइतकंच घरातल्या निरोगी माणसाचं रक्त मोलाचं. त्या ताईंच्या सासूबाईंना रोग का झाला नाही, हे त्यांच्याच रक्तात शोधायचं आहे.

उद्या तुमच्या गावात अशा अभ्यासासाठी रक्त घेणारं पथक आलं तर विचारा: रक्त किती घेणार, कशासाठी, निकाल आम्हाला कधी सांगणार? समजेल अशा मराठीत उत्तर मिळालं, मन मानलं, तरच संमतीपत्रावर सही करा.