दात्यावरची रेघ

रसवंतीच्या चरकाचा हा जुना गिअर जरा जवळून बघा. दाता टोकाकडे झिजलाय, खाली मुळाकडेही झिजलाय, पण मधोमध ही आडवी रेघ अजून उंच आहे. ही पिच लाईन.

दोन दाते एकमेकांवर नुसते लोळत जातात असं आपल्याला वाटतं, पण तसं फक्त या रेघेवर होतं, तिथे घसरणं शून्य. रेघेपासून जेवढं लांब तेवढा घसरायचा वेग जास्त, आणि रेघ ओलांडली की दिशाच उलटी. घसरलं की घर्षण आलं, उष्णता आली, तेवढी पॉवर गेली.

आता हा दोरा. रिळावरून ताणून सोडवत नेला की टोकाची पेन्सिल जो वक्र काढते तो इन्व्होल्यूट, दात्यांसाठी तो 18व्या शतकात ऑयलरने सुचवला. दोन गिअरमधलं अंतर किंचित चुकलं तरी रेशो, म्हणजे दोघांच्या वेगाचं प्रमाण, हलत नाही, म्हणून आजही जवळपास सगळीकडे हाच.

भोसरीतलं हे छोटं वर्कशॉप, हॉबिंग, म्हणजे गिअरचे दाते कापणं, चालू आहे. हॉब हे कापायचं हत्यार म्हणजे खाचा पाडलेला वर्मच, स्क्रूसारखा आटे असलेला दंड; सिंगल स्टार्ट, म्हणजे एकच आटा असेल तर त्याच्या 40 फेऱ्या होतात तेव्हा ब्लँकची, म्हणजे दाते पाडायच्या कोऱ्या चकतीची, एक आणि 40 दाते पडतात. आणि गंमत म्हणजे हॉबची धार सरळ असते, पण दोघं एका तालात फिरतात म्हणून थोडं थोडं खरवडत तो वक्र आपोआप तयार होतो, मी कितीदा तरी बघितलंय आणि अजून मन भरत नाही.

घसरणं कमी करायचं तर दाते आखूड आणि संख्येने जास्त घ्यायचे, म्हणजे कॉन्टॅक्ट रेघेजवळ राहतो. पण फार आखूड केले तर पुढची जोडी लागायच्या आत आधीची सुटते, आणि बारीक दाता मुळाशी कमजोर. खरं डिझाईन इथेच आहे.

चांगल्या स्पर (सरळ दात्यांच्या) किंवा हेलिकल (तिरप्या दात्यांच्या) जोडीत लॉस साधारण 1 ते 2 टक्के. हा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे वर्मने चाक फिरवणारा, मात्र जवळजवळ सगळा घसरण्यावरच चालतो, म्हणून तर चाक ब्राँझचं. ज्यात चाकाकडून जोर लावला तरी वर्म उलटा फिरत नाही, त्या जोडीची एफिशियन्सी साधारण 50 टक्क्यांच्या खालीच असते. माल जागेवर धरून ठेवायचाय तिथे ठीक आहे हो, पण चोवीस तास चालणाऱ्या कन्व्हेयरला हेलिकल-बेव्हलच (तिरप्या दात्यांचे आणि शंकूच्या आकाराचे गिअर असलेला गिअरबॉक्स) लावा. लाईटबिलात फरक दिसतोच.

शेवटी दाते कुठे टेकतात ते बघायला ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावून जोडी हाताने फिरवतात. हा बघा निळा पट्टा, बरोब्बर दात्याच्या मधोमध उमटलाय.