जवसाची चटणी आणि लघवीची बाटली

नमस्कार श्रोतेहो. भाकरीवर जवसाची चटणी घेताना तिचं पुढं काय होतं, ते आज बघू. जवसाच्या सालीत लिग्नन नावाची द्रव्यं असतात. घाण्यावरच्या तेलात ती जवळपास उतरत नाहीत, चटणीत मात्र राहतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावरची साखर काढतात, मग पायरीपायरीनं एन्टरोडायॉल आणि एन्टरोलॅक्टोन बनवतात. एका जातीच्या जिवाणूला हे सगळं जमत नाही. एकानं अर्धं टाकलेलं काम दुसरा पुढं नेतो. तयार झालेलं एन्टरोलॅक्टोन रक्तात शिरतं आणि शेवटी लघवीतून बाहेर पडतं. माणसाच्या लघवीत ते १९८० साली ओळखलं गेलं.

जिवाणूंची यादी केली तर गावात कोण राहतो तेवढं कळतं. कोण कामाला गेला, ते कळत नाही. शरीरातले असे लहान लहान रेणू मोजून कामाचा हिशेब लावायचा, याला मेटॅबोलोमिक्स म्हणतात.

हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा रेणू मोजणाऱ्या यंत्रापर्यंत नमुना पोचण्याआधीच. नमुना चोवीस तासांचा हवा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक बाटलीत घ्यायची, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसह. मधली एक वेळ वावरात झाली आणि बाटली घरी राहिली, की आकडा खोटा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची. मे महिन्यात चंद्रपुराकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बाहेर ठेवलेल्या लघवीत बाहेरचे जिवाणू वाढतात आणि तेही रेणू खातात, बनवतात. पुढं लहान नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर गोठवायचं. एकच नळी पुन्हापुन्हा वितळवायची नाही, म्हणूनच वाटणी आधी करायची.

दिवसभर डवरणीवर राबलेल्याची लघवी घट्ट असते, सावलीत बसलेल्याची पातळ. एकाच वेळची लघवी मिळाली असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज जवळपास सारखंच लघवीत येणारं द्रव्य, तेही मोजून त्याच्या प्रमाणात आकडा मांडतात. शिवाय यकृतानं एन्टरोलॅक्टोनला बहुतांशी दुसरा रेणू जोडून दिलेला असतो. तो ग्लुकुरोनिडेज एन्झाइमनं ३७ अंशांवर सोडवायचा, मगच नमुना मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्राला द्यायचा. सोबत लघवी नसलेली एक कोरी नळी चालवावी, म्हणजे बाहेरून काही मिसळलं का ते कळतं. सगळ्यांचे थेंब एकत्र केलेला नमुना दर दहा नमुन्यांनंतर घालावा. त्याचा आकडा सरकू लागला तर यंत्र सरकलं, माणसं नव्हे.

जवस अख्खं गिळलं तर दाणा बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. भाजून उखळात कुटलेलं कामी येतं. त्यामुळं किती खाल्लं याच्या जोडीला कसं खाल्लं, हेही नमुन्यासोबतच्या फॉर्मवर लिहून घ्यावं लागतं. एन्टरोलॅक्टोन जास्त म्हणजे तब्येत चांगली, असं मात्र लगेच म्हणू नका. ज्याच्या ताटात जवस असतं, त्याच्या ताटात डाळ-भाजीही असते, आणि श्रेय नेमकं कुणाचं हे वेगळं काढणं कठीण.

एक प्रश्न फॉर्मवर हमखास सुटतो: गेल्या वर्षभरात अँटिबायोटिक घेतलं का? फिनलंडमध्ये २००२ सालच्या अभ्यासात अशा लोकांच्या रक्तात एन्टरोलॅक्टोन कमी आढळलं, तेही गोळ्या संपून कित्येक महिने उलटल्यावर. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट घेऊन या.