भिंतीवरची रेघ

(दृश्य : चिपळूण. जुनं कौलारू घर, पाऊस. ओसरीच्या भिंतीवर छातीच्या उंचीला आडवी गेलेली मातकट रेघ.)

ही रेघ दिसते ना, इथपर्यंत पाणी होतं. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी शहरात शिरली, ती आमच्या ओसरीवरही आली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला आठ दिवस लागले, पण ओल काही गेली नाही. पुढचे दोन महिने खालच्या भिंतींना बुरशी धरत राहिली. आधी पांढरी, कापसासारखी, मग हिरवट, मग काळी. पुसून काढावी, तर चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी, जवळपास त्याच आकारात.

त्याच दिवसांत मी माडीवर बसून 'मेक्सिकन गॉथिक' नावाची एक कादंबरी वाचत होते. तिच्यातल्या घराच्या भिंतींनाही बुरशी होती.

आत्या म्हणाली, "अगं, खाली एवढं घडलंय आणि तू भुताटकीची पुस्तकं कसली वाचतेस?" तेव्हा मला तिला नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

(दृश्य : माडी. खिडकीशी खुर्ची. किंडलच्या पडद्यावर ओघळणाऱ्या पावसाची सावली.)

माझं वाचन सुरू झालं ते वाचनालयातल्या नारायण धारपांवर. १८६४ साली सुरू झालेलं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. पुरात त्याचीही पुस्तकं भिजली. धारपांनंतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. आईला आवडायच्या प्रेमकथा, मामाला अद्भुतरम्य कादंबऱ्या, आणि मी दोघांच्याही उशाखालचं चोरून वाचायचे. तिन्ही प्रकारांचे वाचक वेगळे असतात, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आपली भाषाही तसं मानत नाही. जिन्यात सावली हलली की आपण म्हणतो, काळजाचा ठोका चुकला. खूप दिवसांनी आवडतं माणूस दारात उभं दिसलं, तरीही तोच ठोका चुकतो. शहारा स्मशानापाशी येतो, गाभाऱ्यात येतो आणि कुणी पहिल्यांदा हात हातात घेतला तेव्हाही येतो. अंगाला हे सगळं एकाच भाषेत कळतं.

मतकरी गेले मे २०२० मध्ये. पुढच्याच महिन्यात सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया या लेखिकेची 'मेक्सिकन गॉथिक' प्रसिद्ध झाली. माझ्या हाती आली ती वर्षभराने, पुरानंतर. ही लेखिका १९८१ची, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात जन्मलेली, आता कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये राहणारी. प्रेमकथा, अद्भुत आणि भय हे तिन्ही तिनं लिहिलं आहे, आणि प्रत्येकात बाकीची दोन मिसळली आहेत. इतक्या दूरच्या बाईला आमच्या घरातल्या उशाखालच्या पुस्तकांचा पत्ता कसा लागला, असं मला वाटलं होतं.

(दृश्य : धुक्यातला डोंगर. उतरत्या लाल छपरांचं गाव. उंच झाडांमधली जुनी दफनभूमी.)

आधी कादंबरीमागच्या खऱ्या गावाकडे जाऊ. मेक्सिकोच्या इदाल्गो प्रांतात, सुमारे २७०० मीटर उंचीवर रेआल देल मोंते नावाचं गाव आहे. चांदीच्या खाणींचं. १७६६ साली इथल्या खाणकामगारांनी संप केला, अमेरिका खंडातल्या अगदी सुरुवातीच्या संपांपैकी एक. ठरलेलं काम झाल्यावर वर काढलेल्या खनिजात मजुराला वाटा मिळत असे. मालकानं तो वाटाच कमी करायला घेतला, आणि खाणी थांबल्या.

मग १८२० च्या दशकात इथं इंग्रज कंपनी आली. तिच्याबरोबर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार आले, वाफेची अवजड यंत्रं घेऊन. जहाजं वेराक्रूझच्या किनाऱ्याला लागली आणि पिवळ्या तापानं माणसं मरू लागली. जी वाचली, त्यांनी ती यंत्रं ओढत डोंगरावर चढवली. एवढं करून कंपनी बुडालीच, १८४९ च्या सुमाराला तिनं खाणी विकून टाकल्या. मागं राहिलं ते मैद्याच्या पारीत बटाटा-मांस भरून भाजलेलं कॉर्नवॉलचं खाणं. तिथं त्याला 'पास्ते' म्हणतात, आत मिरचीही घालतात आणि गावभर विकतात. आणि राहिली ती इंग्रजांची दफनभूमी. तिथली जवळपास सगळी थडगी इंग्लंडच्या दिशेला तोंड करून आहेत, असं गावात सांगतात.

या कंपनीचा कारभार पाहणारा जॉन टेलर. त्याच्याच नावाच्या पेढीनं पुढं, १८८० च्या सुमाराला, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवायला घेतल्या, आणि कॉर्नवॉलचे लोक तिथंही गेले. हे कळलं तेव्हा मेक्सिकोतला तो धुकट डोंगर मला एकदम जवळचा झाला. जमिनीच्या पोटात शिरायला आपल्याकडेही हीच माणसं आली होती.

(दृश्य : वॉलपेपरचा जवळून घेतलेला तुकडा. त्यावरची नक्षी हळूहळू पसरल्यासारखी दिसते.)

लेखिकेनं ही दफनभूमी पाहिली, तिथलं धुकं पाहिलं आणि कादंबरीसाठी एल त्रिउन्फो नावाचं गाव रचलं. काळ १९५०. मेक्सिको शहरातली नोएमी ताबोआदा, बावीस वर्षांची, श्रीमंताघरची, पार्ट्या आवडणारी आणि मानववंशशास्त्र शिकायची इच्छा असलेली. तिच्या चुलत बहिणीचं पत्र येतं : नवरा मला विष घालतोय, भिंतींमध्ये कुणीतरी आहे. नोएमीचे वडील म्हणतात, जाऊन बघून ये.

घराचं नाव हाय प्लेस. डॉइल कुटुंबाचं. बागेसाठी मातीसुद्धा इंग्लंडहून आणलेली! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. परक्याच्या डोंगरातली चांदी उपसायची आणि फुलझाडं मात्र आपल्या मातीत लावायची. त्या घरात जेवताना बोलायचं नाही, सिगारेट ओढायची नाही, वीज जपून वापरायची. म्हातारा हॉवर्ड डॉइल नव्या मुलीला समोर बसवतो आणि तिच्या कातडीच्या रंगावर, वंशाच्या प्रतीवर बोलू लागतो, बाजारात बैल पारखावा तसा. मला सगळ्यात जास्त भीती या प्रसंगाची वाटली, आणि यात भूत कुठंच नाही.

ही भीती कुठून आली, ते नंतर कळलं. लेखिकेनं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता, तो जुन्या अमेरिकन भयकथांमधल्या स्त्रिया आणि सुप्रजननाचा विचार यांवर. सुप्रजनन म्हणजे चांगल्या रक्ताच्या माणसांनीच वंश वाढवावा, असं मानणारं ते खोटं शास्त्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक देशांत ते विद्यापीठांत शिकवलं जाई. तिनं ते विष वाचलं, ओळखलं आणि भिंतीत मुरवलं. म्हणूनच ही भिंत ओली होते, तेव्हा नुसता किळस येत नाही, रागही येतो. भयकथेनं राग आणणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि याच घरात फ्रान्सिस आहे. फिकट, घाबरट, हळू आवाजात बोलणारा डॉइलांचा मुलगा. त्याला अळंब्यांचा नाद आहे. अळंबीची छत्री कागदावर पालथी ठेवली की रात्रीतून तिचे बीजाणू खाली पडतात आणि कागदावर ठसा उमटतो. हे तो नोएमीला समजावून सांगतो. तिला सवय देखण्या, बोलघेवड्या तरुणांची. हा तर तिच्याकडे धड बघतही नाही. पण त्या घरात तिच्याशी माणसासारखं बोलणारा तो एकटाच. प्रेम इथं गुलाब घेऊन येत नाही. या घरातून बाहेर पडायची वाट कुठली, ते सांगायला येतं, आणि सांगताना त्याचा आवाज कापतो. माझा ठोका तिथं चुकला. भीतीनं की कशानं, ते मी तपासत बसले नाही. पुढं काय होतं ते सांगत नाही, वाचायचं राहिलं असेल त्यांच्यासाठी.

(दृश्य : रात्रीचं निरभ्र आकाश. इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे.)

पावसाळा संपला. दिवाळीच्या सुमाराला आकाश मोकळं झालं आणि मी तिची आधीची, २०१९ ची 'गॉड्स ऑफ जेड अँड शॅडो' हातात घेतली. काळ १९२७, युकातानमधलं छोटं गाव. नायिकेचं नाव कासिओपेआ. वडिलांनी ताऱ्यांवरून ठेवलेलं.

आपल्याकडे या तारकासमूहाला शर्मिष्ठा म्हणतात.

वडील वारल्यावर ही कासिओपेआ आजोबांच्या घरी राहते आणि तिथं मोलकरणीसारखी राबते. फरशी घासते, आजोबांना पेपर वाचून दाखवते, मामेभावाचे टोमणे ऐकते. घराण्याची नात, आणि त्याच घराण्याची दासी. राजाची लेक असून देवयानीची दासी झालेली शर्मिष्ठा आपण महाभारतात वाचली, 'ययाति'मध्ये पुन्हा वाचली. मेक्सिकोच्या लेखिकेला आपली गोष्ट माहीत असण्याचं काही कारण नाही. ताऱ्याचं नाव तिनं ग्रीकांकडून घेतलं, आपलं नाव आपण पुराणातून दिलं. तरी त्या पाच ताऱ्यांखाली दोन्हीकडे एकच मुलगी फरशी पुसत होती. त्या रात्री मी गच्चीवर गेले आणि शर्मिष्ठा शोधून काढली. उत्तरेला, ध्रुवाजवळ.

पुढं ती आजोबांच्या खोलीतली पेटी उघडते. आत हाडं. त्यातल्या एका हाडाची कपची तिच्या अंगठ्यात रुतते आणि माया लोकांच्या पाताळाचा, शिबाल्बाचा, पदच्युत राजा हून-कामे जिवंत होऊन उभा राहतो. तो खरा पुराणातला आहे. 'पोपोल वूह' या किचे माया लोकांच्या ग्रंथात हून-कामे आणि वुकुब-कामे हे पाताळाचे स्वामी आहेत, म्हणजे एक-मृत्यू आणि सात-मृत्यू. कादंबरीत भावानं त्याचा डोळा, कान, बोट आणि गळ्यातला हार काढून घेऊन चार दिशांना लपवले आहेत. ते शोधायला दोघं आगगाडीनं निघतात. अंगठ्यातल्या हाडातून तो तिचं आयुष्य थोडं थोडं पितो, आणि तिचं माणूसपण त्याच्यात उतरतं. हाड काढलं नाही तर ती मरणार. काढलं तर तो पुन्हा नुसता देव होणार, थंड. ययातीनं पुरूचं तारुण्य घेतलं ते मागून. इथं न मागता देवाणघेवाण चालू आहे आणि दोघांनाही ती थांबू नये असं वाटू लागतं. मला याहून नाजूक प्रेमकथा गेल्या काही वर्षांत भेटलेली नाही.

'द ब्युटिफुल वन्स' ही तिची निखळ प्रेमकथा, २०१७ ची. तिच्यात जादू अगदी चिमूटभर. नायिका मनाच्या जोरावर वस्तू हलवते आणि तिला किडे, भुंगेरे जमवायचा छंद आहे. नायक तिच्या वहिनीवरच्या जुन्या प्रेमापायी तिच्याशी गोड बोलतो आणि उघडा पडतो. मग त्याला थांबावं लागतं. खरंच थांबावं लागतं, पानंच्या पानं. ती लगेच माफ करत नाही, याबद्दल मी लेखिकेची ऋणी आहे.

(दृश्य : जळून कोळपलेल्या फिल्मची गुंडाळी.)

२०२३ ची 'सिल्व्हर नायट्रेट' मी दोन रात्रींत संपवली. १९९३ चं मेक्सिको शहर, ध्वनिसंकलन करणारी मोंतसेरात, एक अर्धवट राहिलेला भयपट आणि फिल्मच्या चांदीतच अडकवलेला मंत्र. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते ती विझवणं महाकठीण. १९८२ साली मेक्सिकोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागून हजारो चित्रपट गेले. २००३ च्या जानेवारीत पुण्यातही नायट्रेटची रिळं जळाली. पेपरातला तो फोटो मला आठवतो. त्यामुळं फिल्मला भूत लागतं ही कल्पना मला जराही ओढूनताणून वाटली नाही. ज्यांचे आवाज त्या रिळांत होते, ते गेले कुठं?

(दृश्य : पुन्हा ओसरी. भिंतीला नवा चुना. रेघेवर मात्र चुना फिरवलेला नाही.)

आत्या, तू विचारलं होतंस ना, कशी वाचतेस. खाली जी बुरशी होती, तिला कारण होतं पण गोष्ट नव्हती. नुसती पुसायची आणि उद्या पुन्हा पुसायची. माडीवर तीच बुरशी एका बाईनं हातात धरून दाखवली : ही कुठून आली, कुणी वाढवली, तिच्यातून कोण कुणाचा हात धरून चाललंय. मी रात्री दोन तास तिथं जायचे, म्हणून सकाळी बादली उचलू शकत होते.

(दृश्य : अंगणापलीकडची वारुळाची जागा. पांढऱ्या अळंब्या. लहान मुलीचे हात.)

यंदा श्रावणात वारुळाशी अळंब्या उगवल्या. भाजीपुरत्या काढल्यावर भाची म्हणाली, "मावशी, ती पुस्तकातली गंमत करूया." एका अळंबीचा देठ कापला, छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी उपडी घातली. रात्रभर पाऊस. ती दोनदा उठून बघायला गेली. मी ओरडले नाही, मीही जागीच होते.

सकाळी तिनं दोन्ही हातांनी वाटी उचलली.

कागदावर फिकट गुलाबी रेघांचं एक गोल चक्र उमटलं होतं.