गिअर पडतो, होडी थांबत नाही

[दृश्य: भोसरी एमआयडीसीतली शेड. पत्र्यावर पाऊस. टेबलावर उघडा गिअरबॉक्स.]

जुलै महिना. पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की समोरच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर हा गिअरबॉक्स. आजूबाजूला सगळं ट्रक-ट्रॅक्टरचं काम. हा एकटाच समुद्रावरून आलाय. खाऱ्या पाण्याने त्याचा रंग जागोजागी फुगलाय.

पुण्यात शिडाची होडी म्हटलं की खडकवासला आठवतं. एनडीएचे कॅडेट तिथल्या पीकॉक बेमध्ये शीड सांभाळायला शिकतात. आमची होडी मात्र मुंबईच्या बंदरात असते. आम्ही चौघं पुणेकर मिळून ती सांभाळतो आणि तिला डिझेल इंजिन आहे. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं सगळेच विचारतात. एक तर वारा पडतो. आणि दुसरं म्हणजे गर्दीच्या बंदरात आपल्या बोयापाशी, म्हणजे होडी बांधायच्या तरंगत्या खुणेपाशी, येऊन थांबायचं असतं. होडीला ब्रेक नसतो. पाण्याखालचा पंखा उलटा फिरवायचा, तेव्हा ती थांबते.

मे महिन्यात आमची थांबली नाही. लिव्हर मागे ओढला, इंजिनाचा आवाज चढला आणि होडी सरळ पुढेच निघाली. बोया मागे पडला. शेजारच्या होडीचा कठडा दोघांनी हातांनी ढकलून धरला म्हणून निभावलं. पुढचा गिअर ठणठणीत होता. रिव्हर्स कधी धरायचा, कधी सोडून द्यायचा.

पावसाळ्यासाठी होडी पाण्याबाहेर काढली, तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं, "क्लच गेला." आम्हीही मान डोलावली. गिअरबॉक्स उतरवला, गाडीच्या डिकीत घातला आणि बोरघाट चढून इथे आणला.

[दृश्य: मेस्त्रींचे हात. गिअरबॉक्समधला पितळी कोन चिंध्यांनी पुसला जातोय.]

मेस्त्रींनी होडीचा गिअरबॉक्स याआधी कधी उघडला नव्हता. झाकण काढून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे तर सिंक्रोनायझरचंच भावंड." म्हणजे गाडीत गिअर अलगद पाडणाऱ्या कड्याचं. बरोबरच होतं. आत दोन गिअर आहेत, एक पुढे नेणारा, एक मागे. इंजिन चालू असेपर्यंत दोन्ही एकमेकांच्या उलट दिशांनी फिरतच राहतात. त्यांच्या मध्ये शाफ्टवर हा पितळी रंगाचा कोन, दोन्ही टोकांना निमुळता. लिव्हर हलला की कोन सरकतो आणि एका गिअरच्या पोटात जाऊन बसतो, वाटीत वाटी अडकावी तसा. शाफ्टवरचे आटे तिरपे असतात, त्यामुळे पंख्याची ओढ वाढेल तसा कोन आणखी घट्ट होत जातो.

पण त्याआधी तो पुरता टेकायला हवा. अर्धवट टेकला तर घासतो, तापतो आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग पुढच्या वेळी पकड आणखी कमी.

सगळ्याच होड्यांत असा कोन नसतो. काहींत डॉग क्लच असतो, म्हणजे दातात दात. तो घसरत नाही, खटकन पडतो. तिथे इंजिनाची आयडलिंग जास्त ठेवली असेल तर दात एकमेकांवर आपटतात आणि गिअर पडताना धक्का बसतो. काहींत चकत्यांचा क्लच असतो. तेलही प्रत्येकाचं वेगळं. एकाला इंजिन ऑइल, एकाला गिअर ऑइल, एकाला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घालायचं, कारण कोनाची पकड तेलावरही ठरते.

आमचं तेल मेस्त्रींनी दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. अमृततुल्यमधल्या चहासारखं दुधट दिसलं असतं तर सील फुटून पाणी शिरलंय असं समजायचं. तसं नव्हतं. थोडा करपट वास होता.

मग कोन नेमका कुठे टेकतो ते बघायला त्यांनी ब्लू मॅचिंग केलं. ट्यूबमधला निळा रंग बोटाने कोनावर अगदी पातळ लावला, कोन गिअरमध्ये दाबून जरासा फिरवला, बाहेर काढला. पुढच्या बाजूला निळा ठसा सगळीकडे सारखा. रिव्हर्सच्या बाजूला ठसा फक्त कडेला, आणि मध्ये बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा.

आम्हाला वाटलं, सापडलं. लॅपिंग पेस्ट लावून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काम झालं. मेस्त्रींनी कोन खाली ठेवला आणि बाहेरची दांडी हाताने फिरवून बघितली. पुढे, न्यूट्रल, मागे. दोन्हीकडे सारखी आणि पुरती जात होती.

"बोटीवर ही किती हलते?"

आमच्यापैकी कोणीही मोजलं नव्हतं.

[दृश्य: पावसातला घाट. नंतर यार्डात ठोकळ्यांवर उभी होडी.]

गिअरबॉक्स उतरवण्याआधी आम्ही जे करायला हवं होतं, ते इथे सावकाश सांगते. इंजिन बंद, किल्ली खिशात. गिअरबॉक्सवरच्या दांडीपासून केबल सुटी करायची आणि दांडी हाताने हलवून बघायची. हाताने गिअर स्वच्छ पडत असेल तर दोष बहुधा बाहेर आहे, केबलमध्ये किंवा लिव्हरमध्ये. मग केबल परत जोडायची. एकाने लिव्हर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यायचा, दुसऱ्याने खाली टॉर्च धरून दांडी कुठवर पोचते ते पट्टीने मोजायचं. न्यूट्रलपासून दोन्हीकडे अंतर सारखं हवं. एवढ्याला एक पाना, एक पट्टी आणि अर्धा तास लागतो.

लिव्हरही बघायचा. कित्येक लिव्हरच्या मुळाशी एक बटण असतं. ते दाबलं की गिअर सुटतो आणि लिव्हर नुसता रेस वाढवतो, इंजिन गरम करायला. ते बटण अडकून राहिलं तर गिअर पडतच नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. पंखाही बघायचा. पंख्यावर शिंपले चढले असतील किंवा मिटणारी पाती नीट उघडत नसतील, तर गिअर पडूनही होडीला जोर मिळत नाही. वरून ते थेट क्लच घसरल्यासारखंच वाटतं.

शनिवारी मेस्त्री आमच्याबरोबर घाट उतरले. होडीच्या पोटात शिरायला जागा कमी, ते आडवे होऊन इंजिनाच्या मागे सरकले. मी वरून लिव्हर ओढला. आतून आवाज आला, "परत." परत ओढला. "थांबा तिथेच."

केबलच्या बाहेरच्या नळीला जागेवर धरून ठेवणारा क्लँप ढिला झाला होता. त्याचा एक स्क्रू गंजून डोकं खाल्लेला, दुसरा जागेवर नव्हताच. पुढचा गिअर टाकताना नळी ब्रॅकेटला टेकून राहायची, म्हणून तो नीट पडायचा. रिव्हर्सला आतली तार ओढली जाण्याऐवजी नळीच उलट सरकायची. लिव्हर हाताला पुरता मागे गेल्यासारखा वाटायचा आणि गिअरबॉक्सवरची दांडी अर्ध्या वाटेत थांबायची. कोन त्या चकचकीत पट्ट्याएवढाच टेकत होता, किती महिने कोण जाणे.

नुसता कोन घासून बसवला असता तर दिवाळीपर्यंत आम्ही पुन्हा भोसरीत असतो.

क्लँप नवा घेतला, स्क्रू स्टेनलेसचे. केबलही बदलली, कारण जुनीला इंजिनामागे एक आखूड वळण दिलेलं होतं आणि तिथे ती आतून जड चालायची. कोन मेस्त्रींनी लॅप केला आणि पुन्हा निळा रंग लावून ठसा आम्हा चौघांनाही दाखवला.

[दृश्य: ऑक्टोबर. बंदर. होडी जेटीला पुढून-मागून दोरांनी बांधलेली.]

पहिली चाचणी बांधलेल्या होडीवर. इंजिन आयडलला, लिव्हर पुढे, मोजून पाच आकडे, न्यूट्रल. मग मागे. मेस्त्री जेटीवर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. मागच्या टोकापाशी फेस उठला, होडीच्या कुशीला लागून पुढे सरकत त्यांच्या पायाखालून गेला, आणि पुढचा दोर ताणला गेला.