मात्रा मोजणारा संगीतकार

(दृश्य : लाकडी टेबल, त्यावर चिकटवलेला छोटा मायक्रोफोन, दोन हातांची बोटे.)

या टेबलावर जे वाजते आहे, ती रीतसर लिहून ठेवलेली एक रचना आहे. तिचे नाव ‘वन प्लस वन’, साल १९६८, आणि वाद्य म्हणून संगीतकाराने टेबलाचा पृष्ठभागच नेमला आहे. वादकाला दोनच तुकडे दिलेले आहेत. पहिल्यात दोन जलद टकोरे आणि त्यांना लागून तिसरा, जरा लांब टकोरा. दुसऱ्यात त्याच लांबीचा एकच टकोरा. तबलजीच्या हिशेबाने पहिला तुकडा दोन मात्रांचा आणि दुसरा एका मात्रेचा. ते कोणत्या क्रमाने आणि किती वेळा जोडायचे हे वादकाने ठरवायचे असते. अट एवढीच, की जोडणी नियमित चढत्या किंवा उतरत्या गणिताने व्हावी. या रचनेत ना सूर आहे, ना शब्द. तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली बांधणी, आणि त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची फेरमांडणी, ऐकत आलेल्या कानाला मात्र हा खेळ पहिल्या मिनिटातच ओळखीचा वाटू लागतो, आणि तसा तो वाटण्यामागे कारण आहे.

ही रचना फिलिप ग्लास यांची आहे. ऑपेरा, सिंफनी, नाटक आणि चित्रपट अशा सगळ्या दालनांत वावरलेले आणि अभिजात संगीत न ऐकणाऱ्यांपर्यंतही पोहोचलेले हे अमेरिकन संगीतकार. त्यांच्यावर भारताचा प्रभाव आहे हे नेहमी सांगितले जाते आणि सांगताना पंडित रविशंकर यांच्या सतारीकडे बोट दाखवले जाते. ते चूक नाही. पण त्या सतारीच्या शेजारी तबल्यावर उस्ताद अल्लारखा बसलेले होते, आणि आपल्याला आता त्यांच्याकडे पाहायचे आहे.

(दृश्य : पुनर्निर्मित. पाच रेघांचा संगीतलेखनाचा कागद, पेन्सिल, खोडरबर.)

साल १९६५, शहर पॅरिस. कॉनरॅड रुक्स यांच्या ‘चॅपाक्वा’ या चित्रपटासाठी रविशंकर संगीत देत होते. ध्वनिमुद्रणाला बसलेले फ्रेंच वादक कागदावर लिहिलेले पाहून वाजवणारे होते आणि रविशंकर यांचे संगीत कागदावर नव्हतेच, ते त्यांच्या गळ्यात आणि बोटांत होते. मध्ये दुवा हवा होता. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये शिकत असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या ग्लास यांना ते काम मिळाले. रविशंकर यांनी गाऊन सांगायचे, ग्लास यांनी पाश्चात्त्य पद्धतीने ते उतरवून घ्यायचे आणि वादकांपुढे ठेवायचे, असा क्रम ठरला.

अडचण आली ती इथे, या उभ्या रेघांपाशी. पाश्चात्त्य संगीतलेखनात स्वर ठरावीक मापाच्या घरांत बसवतात आणि प्रत्येक घराच्या सुरुवातीला उभी रेघ येते. रेघेनंतरचा पहिला स्वर थोडा जोर देऊन वाजवायचा, ही वादकाच्या अंगवळणी पडलेली सवय असते. ती त्याला कोणी सांगावी लागत नाही. ग्लास यांनी रेघा घातल्या, वादकांनी वाजवले आणि अल्लारखा यांनी थांबवले. आघात भलत्याच ठिकाणी पडत होते. ग्लास यांनी रेघा सरकवून पाहिल्या, तेव्हा चुकीचा आघात एका स्वरावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला. वादक ताटकळलेले, स्टुडिओचे घड्याळ चालू, आणि अल्लारखा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी हताश होऊन ग्लास यांनी कागदावरच्या साऱ्या रेघा खोडून टाकल्या. घरे गेली आणि समोर राहिला तो स्वरांचा सलग प्रवाह, दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत चालत जाणारा. अल्लारखा काय म्हणत होते ते त्यांना त्या क्षणी कळले, असे ग्लास यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे.

पाश्चात्त्य संगीतात लय ही एका मोठ्या मापाचे तुकडे पाडून मिळते, तर इथे ती छोटे तुकडे जोडत जाऊन मिळते, असा अर्थ त्यांनी त्या अनुभवातून काढला. तबल्याच्या जाणकाराला तो अर्धाच वाटेल आणि ते योग्यही आहे, कारण आपल्याकडे कितीही जोडले, मोडले, तिरके केले तरी आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, ठरलेले असते आणि समेवर, त्याच्या पहिल्या मात्रेवर, यावेच लागते. ग्लास यांनी त्या वेळी मोजणी घेतली आणि सम तिथेच सोडली. कलावंत दुसऱ्या परंपरेतून उचलतो ते बहुधा असेच, स्वतःला हवे तेवढे. मात्र मोजणी कोणाकडून घेतली, हे त्यांनी कधी लपवले नाही. १९६७ साली रविशंकर आणि अल्लारखा न्यूयॉर्कमध्ये होते, तेव्हा ग्लास यांनी अल्लारखा यांच्याकडे तबल्याचे धडेही घेतले.

(दृश्य : जुन्या लाखेच्या तबकड्या, फिरणारी तबकडी, सुई.)

ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ रोजी बाल्टिमोरमध्ये झाला. आई ग्रंथपाल होती आणि वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे व तबकड्यांचे दुकान होते. न खपलेल्या तबकड्या वडील घरी आणून रात्री ऐकत, त्या का खपत नाहीत हे समजून घ्यावे म्हणून. आणि ऐकता ऐकता त्याच त्यांना आवडू लागल्या. बार्टोक आणि शोस्टाकोविच हे विसाव्या शतकातले संगीतकार त्या घरात आले ते असे, दुकानातला पडून राहिलेला माल म्हणून. फुटलेला माल कंपनी परत घेत असल्यामुळे नको असलेल्या तबकड्या तळघरात बसून फोडण्याचे काम फिलिप आणि त्यांच्या भावाकडे असे. बाल्टिमोरच्याच पीबॉडी संस्थेत ते बासरी शिकले, पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात गणित आणि तत्त्वज्ञान शिकायला गेले, आणि पुढे पोलाद कारखान्यात काम करून साठवलेल्या पैशांवर न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संस्थेत दाखल झाले. पॅरिसमध्ये ते नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत होते. बुलांजे तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या, आणि त्यांची शिस्त अशी की काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वरपंक्तींचा, अभ्यास अगदी पहिल्या इयत्तेपासून पुन्हा गिरवून घेत. ज्युलियर्डची पदवी घेऊन आलेला विद्यार्थीही त्याला अपवाद नव्हता.

१९६६ च्या अखेरीस ग्लास तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडत जमिनीवरच्या वाटेने भारतात आले, आणि त्यानंतर अनेकदा येत राहिले. कालिंपोंगमध्ये गालिच्यांच्या एका व्यापाऱ्याने त्यांना थिएटरात नेऊन दांडीयात्रेचे जुने चित्रीकरण दाखवले. त्या चित्रीकरणाचे फळ यायला दहाएक वर्षे लागली.

(दृश्य : न्यूयॉर्क, मॅनहॅटनचा दक्षिण भाग. पिवळ्या टॅक्सी. मग पाच स्वरांची स्वरलिपी जवळून.)

१९६७ मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर ग्लास यांनी मोजणीला स्वर दिले. हे पाहा, १९६८ सालच्या ‘टू पेजेस’मधले पाच स्वर. आधी पाच स्वरांचा हा तुकडा एकट्याने अनेकदा येतो. मग पाच आणि त्यापुढे पहिले चार. मग पाच, चार आणि तीन. मग पाच, चार, तीन, दोन. आणि पुन्हा उलट्या क्रमाने माघारी. दाक्षिणात्य तालशास्त्रात अशा निमुळत्या होत जाणाऱ्या बांधणीला गोपुच्छ म्हणतात आणि मृदंग ऐकणाऱ्याला ती नवी नाही. न्यूयॉर्कच्या सभागृहांना मात्र ती इतकी परकी होती, की हे वाजवण्यासाठी ग्लास यांना स्वतःचाच वादकसंच उभारावा लागला. त्यात विजेवर चालणारे फार्फिसा ऑर्गन, सॅक्सोफोन, बासरी आणि गळा होता. ध्वनिमिश्रण करणारे कर्ट मुन्काची हेही त्या संचाचे पूर्ण सदस्य मानले जात. संच मोठ्या आवाजात वाजवी आणि कार्यक्रम होत ते चित्रकारांच्या माड्यांवर व कलादालनांत. मोजक्याच स्वरांची पुन्हा पुन्हा आवृत्ती करणाऱ्या या शैलीला समीक्षकांनी मिनिमलिझम म्हटले. ग्लास यांना ते नाव कधी फारसे रुचले नाही.

या संगीतावर पोट भरत नव्हते. ग्लास यांनी मित्र आणि संगीतकार स्टीव्ह राइश यांच्याबरोबर लोकांचे फर्निचर वाहिले, नळजोडणीची कामे केली आणि वर्षानुवर्षे टॅक्सी चालवली. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांचा आणि दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचा ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला. त्याआधी जुलैमध्ये फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात त्याचा पहिला प्रयोग झालेला होता. जवळजवळ पाच तासांच्या या ऑपेरात मध्यंतर नाही आणि प्रेक्षकांना वाटेल तेव्हा उठून जायची आणि परत यायची मुभा आहे. त्यातला गायकवृंद बराच काळ जे गातो ते निव्वळ आकडे असतात, एक, दोन, तीन, चार. तालमीत गायकांना मोजदाद लक्षात राहावी म्हणून ते घातलेले होते आणि पुढे तेच संहिता म्हणून राहिले. घरी हातावर ताल देत मात्रा पाठ करणारा विद्यार्थी आणि हा गायकवृंद एकच काम करत आहेत. न्यूयॉर्कच्या दोन्ही प्रयोगांची तिकिटे संपली, तरी निर्मिती कर्जात गेली आणि ग्लास पुन्हा टॅक्सीच्या चाकामागे बसले. टॅक्सीतल्या पाटीवरचे चालकाचे नाव वाचून एका बाईंनी त्यांना कौतुकाने सांगितले, की तुमचे नाव एका फार मोठ्या संगीतकाराच्या नावासारखे आहे.

टॅक्सी सुटली ती १९७८ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तिला कारण झाले नेदरलँड्समधून आलेले एका ऑपेराचे काम. गांधीजींचा विषय ग्लास यांनी आधीच मनाशी धरलेला होता.

(दृश्य : ‘सत्याग्रह’. वर्तमानपत्राच्या कागदांतून उभे राहणारे प्रचंड बाहुले.)

५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅममध्ये ‘सत्याग्रह’चा पहिला प्रयोग झाला. आपण पाहत आहोत ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये लंडनमध्ये आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेली मांडणी. इथे पत्रा, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्राची पाने यांतून सगळे जग उभे राहते, कारण गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मुख्य साधन ‘इंडियन ओपिनियन’ हे पत्र होते. ऑपेराचा काळ १८९३ ते १९१४ हा आहे. तीन अंकांवर तीन व्यक्तींची सावली धरलेली आहे, टॉलस्टॉय, रवींद्रनाथ ठाकूर आणि मार्टिन ल्यूथर किंग. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, ट्रान्सव्हाल या दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहतीने भारतीयांवर लादलेल्या सक्तीच्या नोंदणीची प्रमाणपत्रे जळण्यासाठी कढईत पडतात. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात झालेली ती होळी आहे.

गांधीजी रंगमंचावर एकही संवाद बोलत नाहीत. संहिता सगळी भगवद्गीतेची आणि संस्कृतातच गायची, असे ग्लास आणि लेखिका कॉन्स्टन्स डी-जाँग यांनी ठरवले. पडदा उघडतो तो कुरुक्षेत्रावर, आणि गांधीजींच्या तोंडी पहिले शब्द येतात, ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं य एतेऽत्र समागताः’. हा अर्जुनाचा श्लोक. जे लढायला जमले आहेत त्यांना मी पाहतो, असे म्हणणारा अर्जुन आणि ट्रान्सव्हालच्या कायद्यापुढे उभा असलेला वकील एकाच जागी येतात. वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी फुंकवाद्ये आणि ऑर्गन आहे. पितळी वाद्ये नाहीत आणि तालवाद्य एकही नाही. आणि तरीही, १९६८ मध्ये सोडून दिलेले आवर्तन या ऑपेरात परत आलेले आहे. पहिला प्रवेश खर्जातल्या एकाच स्वरक्रमावर फिरत राहतो, तो पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि गायक त्यावर आपली ओळ लांबवत नेतात. पाश्चात्त्य संगीतात या बांधणीला शाकोन म्हणतात आणि ती शतकांपूर्वीची आहे. पण अल्लारखा यांच्याजवळ बसून आलेल्या माणसाने ती पुन्हा हाती घ्यावी, यात नवल वाटत नाही.

(निवेदन थांबते. शेवटच्या प्रवेशातले गायन.)

आता ऐकले ते गांधीजींचे शेवटचे गाणे. खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत चढत जाणारे आठ स्वर, तीस वेळा. पाश्चात्त्य श्रोता त्याला फ्रिजियन म्हणेल. आपण ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल असलेले हे सप्तक भैरवी थाटाचे म्हणून ओळखतो. हा राग भैरवी नव्हे, चलन नाही, विश्रांतीच्या जागा नाहीत, नुसती चढण आहे. तरी आपली मैफल ज्या स्वरांवर उठते, त्याच स्वरांवर हा ऑपेराही उठतो. मागे उंचावर पाठमोरे मार्टिन ल्यूथर किंग भाषण करत राहतात.

त्यापुढची कारकीर्द घाईने सांगावी लागेल, इतकी ती मोठी आहे. १९८४ मध्ये ‘आखनातेन’ हा ऑपेरा, डझनभराहून अधिक सिंफनी, ‘कुंदुन’ आणि ‘द अवर्स’सारख्या चित्रपटांचे संगीत, १९९० मध्ये रविशंकर यांच्याबरोबर केलेला ‘पॅसेजेस’ हा संग्रह, २०१८ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान. अल्लारखा यांचे ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत निधन झाले.

(दृश्य : न्यूयॉर्क. मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस ज्या संकुलात आहे त्या लिंकन सेंटरच्या पायऱ्या, पोलिसांचे अडसर.)

१ डिसेंबर २०११ रोजी याच पायऱ्यांखाली आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनाचे लोक जमले होते. आत ‘सत्याग्रह’चा प्रयोग सुटला आणि बाहेर पडणारे प्रेक्षक अडसरापाशी थबकले, मग त्यांतले बरेच जण तो ओलांडून जमावात मिसळले. चौऱ्याहत्तर वर्षांचे ग्लास जमावाबरोबर खालीच उभे होते. त्यांनी ‘यदा यदा हि धर्मस्य’पासूनच्या ओळींचा इंग्रजी अनुवाद वाचायला घेतला. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणून ते एक तुकडा वाचत, जमाव तो मोठ्याने म्हणून मागच्यांपर्यंत पोहोचवी आणि मग पुढचा तुकडा येई. असे त्यांनी ते वाचन तीनदा केले.