चार्जिंगला लावलेली बॅटरी

[दृश्य: सकाळ, मोकळं मैदान. मॉडेल विमान हातातून सुटतं.]

थर्माकोल, एक मोटर, चार-पाच वायरी. या विमानात जोर म्हणून जो काही आहे, तो पोटातल्या पावणेदोनशे ग्रॅमच्या पाकिटात. लिथियम पॉलिमर बॅटरी. मैदानावर हिला सगळे लिपो म्हणतात.

[दृश्य: पॅकचं लेबल, मग पांढरा छोटा प्लग.]

लेबलवर लिहिलंय ३एस, २२०० एमएएच, ११.१ व्होल्ट. ३एस म्हणजे आत एकामागे एक जोडलेले तीन सेल. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, आणि ११.१ हे तिन्ही सेलचं मिळून सरासरी व्होल्टेज. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत सेलला पोलादी डबी असायची, इथे नुसतं चंदेरी फॉइल आहे. म्हणूनच बॅटरी हलकी, आणि म्हणूनच नाजूक.

जाड लाल-काळ्या वायरी मोटरसाठी. हा पांढरा प्लग मात्र फक्त चार्जिंगच्या वेळी लागतो. त्यात बारीक चार तारा, तीन सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजायला.

[दृश्य: चार्जरचा पडदा.]

भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. तिन्ही मिळून १२.६. पांढरा प्लग न लावता चार्ज केलं, तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. एक सेल ४.३५, दुसरा ४.३० आणि तिसरा ३.९५ असला तरी बेरीज १२.६च! चार्जर म्हणणार, सगळं ठीक आहे. आणि ज्या दोन सेलमध्ये जास्त भरलं गेलं, त्यांच्या आत लिथियम धातूचा थर साचत जाणार.

प्लग लावला, बॅलन्स मोड निवडला, की पुढे गेलेल्या सेलला चार्जर थोपवून धरतो आणि मागच्याला बरोबरीला आणतो. पडद्यावरचे हे तीन आकडे बघा. ४.१८, ४.१९, ४.१८. असे जवळजवळ हवेत.

त्याआधी बॅटरीचा प्रकार तपासायचा. निकेलच्या बॅटरीचा प्रोग्रॅम लिपोला लावला, तर चार्जर ४.२ला थांबतच नाही.

[दृश्य: मैदानाकडेचं टेबल. एक मुलगा, एक वयस्कर गृहस्थ.]

"काका, पाच ॲम्पिअरला लावू? लवकर होईल."
"दोन पॉइंट दोनलाच लाव. चहा घे तोवर, पण इथंच बसून."

२२०० एमएएचला २.२ ॲम्पिअर, म्हणजे साधारण तासाभराचं काम. उडून आलेली बॅटरी हाताला गरम लागते. ती निवल्याशिवाय लावायची नाही. टेबलाखाली लाकूड-कापड काही नाही, फरशी आहे, आणि शेजारी वाळूची बादली.

काकांचं "इथंच बसून" महत्त्वाचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत, पलंगाशेजारी, चार पॅक चार्जिंगला लावून मुलं झोपतात. असं करू नका. चार्जिंग सुरू आहे तोवर जागा माणूस शेजारी हवाच.

[दृश्य: वाळूवर ठेवलेला पॅक फुगतो. धूर, मग ज्वाळा. स्लो मोशन.]

हा पॅक आम्ही मोकळ्या जागी, लांबून, मुद्दाम जास्त चार्ज केला. घरी करून बघू नका. आधी आत वायू झाला, फॉइल फुगलं. मग पहिला सेल तापला आणि त्याने शेजारच्याला पेटवलं. आगीला लागणारा काही ऑक्सिजन आतल्या पदार्थातूनच सुटतो, त्यामुळे वाळू टाकून ज्वाळा लगेच विझत नाही. वाळू ती पसरू देत नाही, एवढंच. धूर विषारी असतो, जवळ जायचं नाही.

[दृश्य: फुगलेला पॅक, मोटारीचा बल्ब लावलेला.]

आठवडाभर उडवायचं नसेल, तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. आपटलेला पॅक दिसायला धड असला तरी काही वेळ बाहेर, उघड्यावर ठेवायचा, कारण आतलं शॉर्टसर्किट उशिराही होतं. फुगलेला मात्र पुन्हा चार्ज करायचाच नाही. असा पॅक उघड्यावर बल्ब लावून पूर्ण उतरवायचा, टोकांना चिकटपट्टी लावायची आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. घंटागाडीत टाकला, तर पुढे कचरा दाबणाऱ्या ट्रकमध्ये तो चिरडला जातो, आणि तिथे काम करणाऱ्यांना आत काय आहे याची कल्पनाही नसते.